दोन सिटांचा हिवाळा

परवा सकाळी मी चहा गाळत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "वैशू, छत उघडलं काय वं?" म्हणजे थंडी आली. आमच्या घरी थंडीची वर्दी बाबाच देतात. आधी पंखा एक नंबरवर येतो, मग पायांवर चादर येते, मग एका सकाळी पंखाच बंद होतो आणि त्या सकाळी हा प्रश्न ठरलेला असतो. छत म्हणजे घराचं नव्हे, पोर्चमध्ये उभ्या असलेल्या आमच्या गाडीचं. तिला सिटा दोनच आहेत, आणि डोक्यावर पत्र्याऐवजी काळं कापड आहे. दोन खिट्ट्या सोडल्या की ते घडी होऊन सिटांच्या मागे जाऊन बसतं आणि वर आभाळ राहतं.

नागपुरात असली गाडी रोजच्या वापराला ठेवणं म्हणजे आठ महिने शुद्ध मूर्खपणा आहे, हे मी मान्य करते. उन्हाळ्यात छत उघडलं तर माणसाचा पापड होतो आणि बंद ठेवलं तर आत भट्टी पेटते. पावसाळ्यात कापडाच्या शिवणीतून पाणी गळतं, तेही नेमकं माझ्या गुडघ्यावर. पण कूलर झाकून ठेवल्यापासून शिवरात्रीपर्यंतचे जे दिवस मिळतात, त्यांच्यासाठी मी बाकीचं वर्ष निमूट काढते. आता चार हिवाळे झाले. तरी 'तो हिवाळा' म्हटलं की आमच्या घरात पहिलाच आठवतो, बाबांना आणि मलाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. घरात माणसं दोनच, मी आणि बाबा. आई गेल्यावर बाबा कायमचे माझ्याकडे आले. त्याआधी चौतीस वर्षं ते एसटीच्या लाल डब्याचे ड्रायव्हर होते. नागपूर-रामटेक, नागपूर-भंडारा, कधी जादा गाडी घेऊन थेट चिखलदऱ्याला. चौतीस वर्षांत एक ओरखडा नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगला आहे आणि सणावाराला देवांबरोबर तोही पुसला जातो. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. दूध आणायला, वाचनालयात जायला, जुन्या ड्रायव्हरांच्या बैठकीला, सगळीकडे तीच. चालत पाच मिनिटांच्या अंतरावरही ते गाडीच काढत.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं, अशी तपासणी असते. बाबा बाहेर आले ते छाती काढून. म्हणाले, "एकही ठिपका नाही सोडला, बाप्पा. पास!" जे ठिपके त्यांना दिसलेच नाहीत ते सुटले हे त्यांना कळणार कसं? डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून कागद दाखवला. मध्ये थोडासा उजेड आणि दोन्ही बाजूंना काळं. काचबिंदू. थेंब टाकत राहिलं तर आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. "तुम्ही सांगता की मी सांगू?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, "मी सांगते."

आणि मी सांगितलं नाही. ऐंशी मुलांच्या वर्गात उभी राहून 'तू नापास आहेस' असं तोंडावर सांगणारी मी, पण या एका माणसाला मला ते सांगता येईना. दवाखान्यातून घरी येताना गाडी तेच चालवत होते. मी शेजारी बसून डाव्या बाजूच्या प्रत्येक सायकलीकडे डोळे फाडून पाहत होते आणि ते मला सांगत होते की हल्लीच्या पोरांना ओव्हरटेक करता येत नाही.

थेंबांबद्दल सांगितलं, "सुरुवात आहे, काळजी घ्यायची." गाडीबद्दल मात्र मी एक युक्ती काढली. दिवाळीच्या साफसफाईच्या धामधुमीत त्यांची पांढरी गाडी 'इंजिनचं काम निघालंय, आता नवीच घेऊ' म्हणून विकून टाकली. नवी कोणती घ्यायची, तर अशी की जिच्याकडे बाबा ढुंकूनही पाहणार नाहीत. आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमचा भाऊ परदेशी चालला होता आणि त्याची ही दोन सिटांची गाडी तो विकणार होता. जन्मभर उंच केबिनमध्ये बसून खालच्या जगाकडे पाहिलेला माणूस जमिनीला बूड लावून थोडाच गाडी चालवणार, असं माझं गणित होतं. म्हाताऱ्या ड्रायव्हरला स्टिअरिंगपासून दूर ठेवण्यासाठी स्पोर्ट्स गाडी विकत घेणारी नागपुरात मी एकटीच असेन. आणि खरं सांगायचं तर मला ती हवीच होती. वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिल्यावर माणसाला काहीतरी बिनकामाचं लाल हवं असतं, एवढंच.

गाडी दारात आली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. चारही चाकांना पायाने ठोकरून पाहिलं. वाकून खालून पाहिलं, मग पुढचं झाकण उघडून बराच वेळ आत पाहत राहिले. शेवटी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "काय मशीन हाय वं! मले आधी काहून नाही सांगितलं?" माझं गणित तिथेच चुकलं. ते तिच्या प्रेमात पडले होते.

मग दुसरं खोटं बोलावं लागलं. मी म्हणाले, गाडी अजून माझ्या नावावर झालेली नाही, कागद येईपर्यंत माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी ती चालवायची नाही असा नियम आहे. असा नियम बियम काही नाही. पण कागद म्हटलं की बाबा गप्प होतात, हे मला माहीत होतं. चौतीस वर्षं कागद तपासल्याशिवाय त्यांनी किल्ली फिरवली नव्हती. "बरोबर हाय," ते म्हणाले, "बिनकागदाच्या गाडीले आपण हात नाही लावत." आणि निमूट डावीकडे जाऊन बसले. असा तो हिवाळा सुरू झाला.

आत बसणं हीच पहिली कसरत होती. पहिल्या दिवशी बाबांनी आधी पाय आत टाकला आणि अर्धे आत, अर्धे बाहेर असे अडकले. दोन दिवसांत त्यांनी पद्धत बसवली: आधी पाठ करून बूड टाकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्यायचे. मग ती पद्धत ते शेजाऱ्यांना शिकवू लागले. संध्याकाळी पोर्चमध्ये गर्दी व्हायची आणि बाबा सांगायचे, "पाय नाही, आधी बूड. पाह्यलं ना? आता तुमी बसा." समोरच्या बंगल्यातल्या निवृत्त मामलेदारांना बाहेर काढायला मात्र दोघांना हात द्यावा लागला. त्यानंतर त्यांनी आमच्या पोर्चचं नाव घेतलं नाही.

सकाळी मला सातला कॉलेजात पोचायचं असे. बाबा साडेसहालाच कानटोपी, मफलर आणि माझी जुनी शाल अशा तयारीने डाव्या सिटवर हजर. मला सोडायला येतो, असं ते म्हणत. मला सोडून गाडी परत आणणार कोण, हा प्रश्न आम्ही दोघंही विचारत नसू. कॉलेजच्या वाचनालयात पेपर वाचत ते माझे तास संपेपर्यंत बसत आणि ग्रंथपालबाई त्यांना चहा देत. निघताना मी सगळे आरसे नीट करून बसले की ते दारावर बोटांनी दोनदा ठोकत. टक टक. कंडक्टरची डबल बेल. ती मिळाल्याशिवाय गाडी हलायची नाही, अशी शिस्त त्यांनी लावून दिली. मी एकदा विसरून गाडी काढली तर पूर्ण रस्ताभर बोलले नाहीत.

सिव्हिल लाइन्सच्या मोठ्या झाडांखालून जाताना छत उघडं असलं की थंडी डोक्यावरून उतरते आणि मानेत शिरते. झाडांच्या फांद्यांमधून आभाळ मागे जात राहतं. फुटाळ्याच्या बाजूने आलं तर पाण्यावरचं धुकं गाडीत येऊन मांडीवर बसतं. कॉलेजच्या बंद गाडीतून मी पंधरा वर्षं याच रस्त्यांनी गेले होते आणि मला या शहराचा वासच माहीत नव्हता. तर्री पोह्यांच्या ठेल्यांचा तिखट वास सकाळी किती लांबून येतो, संत्र्यांचे ढीग मांडलेल्या रस्त्याने हळू गेलं तर डोळेही कसे आंबट होतात, लकडगंजात आरा मशीन चालू असेल तर ओल्या लाकडाचा भुसा कसा नाकात बसतो, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. बाबा प्रत्येक वासाला थांबा असल्यासारखं नाव सांगत. "हे सागवान हाय. हे पाह्य, आता निंबाचं आलं."

सगळ्यात गंमत सिग्नलवर. छत नसलेल्या गाडीत बसलं की माणूस शहराच्या मालकीचा होतो. काच वर करून गप्प बसायची सोय नाही. बर्डीच्या सिग्नलला शेजारचा ऑटोवाला खाली वाकून विचारतो, "मॅडम, छत कुठी उडालं?" बाबा तत्परतेने सांगतात, "धुवाले टाकलं हाय, भाऊ!" पलीकडचा स्कूटरवाला हसतो, मागच्या बाई विचारतात की गाडी किती देते, आणि सिग्नल सुटेपर्यंत आमची सोयरीक जमायची तेवढी बाकी राहते. एकदा शेजारी एक लाल डबा येऊन उभा राहिला. आमच्या डोक्यापर्यंत येईल एवढं त्याचं चाक. बाबांनी मान वर केली, आणखी वर केली. खिडकीत बसलेला ड्रायव्हर त्यांना दिसेना. "एवढी मोठी दिसते काय वं लोकाइले आपली गाडी?" ते म्हणाले. चौतीस वर्षं त्यांनी ती वरूनच पाहिली होती. मग स्वतःशीच म्हणाले, "हॉर्न जरा कमी वाजवाले पाह्यजे होता."

रोजच्या संसाराला मात्र ही गाडी मुळीच नाही. मागे सामान ठेवायला जी जागा आहे, ती छताची घडी बसली की दोन वांग्यांपुरती उरते. गव्हाचं पोतं आणायचं तर बाबांना घरी ठेवून पोतं त्यांच्या सिटवर बसवावं लागे. मी त्याला पट्टाही लावत असे. गतिरोधकावर गाडीचं पोट घासे आणि बाबा आपलंच पोट घासल्यासारखे कळवळत. "तिरपी घे, तिरपी! एक एक चाक चढव." लग्नसराईत तर विचारू नका. आत्याच्या नातवाचं लग्न कामठीला होतं. आत्या फोनवर म्हणाली, "तुमच्यासोबत मी येतो ना." मी म्हणाले, आत्या, सिटा दोनच आहेत. तिने ते दोनदा वदवून घेतलं. मग, "अवं, गाडी घेतली का सायकल?" पुढचे चार समारंभ नात्यात हाच विषय होता.

पण खरं सांगू? त्या दोन सिटांनी माझं एक काम केलं. आई असताना बाबा आणि मी कधी बोललोच नव्हतो. जे काही असेल ते आईमार्फत. आता मध्ये कोणी नव्हतं, मागेही कोणी नव्हतं. वाऱ्यात बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागतं, आणि मोठ्याने बोलताना माणूस आडपडदा ठेवू शकत नाही. आईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती त्यांच्याच गाडीत तिसऱ्या सिटवर बसली होती आणि तिला मळमळत होतं, हे मला काटोल रोडवर साठच्या वेगात कळलं. गाडी थांबवून तिला लिंबू आणून दिलं म्हणून त्यांना डेपोत लेट मार्क बसला होता. मी हसत होते आणि डोळ्यांना पाणी येत होतं. ते वाऱ्यामुळे येतंय असं मी त्यांना सांगितलं.

मी बोलत नव्हते ती एकच गोष्ट. रोज संध्याकाळी ते विचारत, "कागद आले काय वं?" मी म्हणत असे, नाही. ते ओल्या तुरीच्या शेंगांचे सोले सोलत बसलेले असत. मी सोलेभात टाकायच्या तयारीत असे. आज सांगू, जेवण झालं की सांगू. जेवण झालं की त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायची वेळ होई. ते मान मागे टाकून, डोळे उघडे ठेवून शहाण्या मुलासारखे बसत. त्या उघड्या डोळ्यांत थेंब टाकताना 'तुम्हाला दिसत नाही' हे कसं म्हणायचं? मी दुसऱ्या दिवशीवर ढकलत गेले. दिवस लहान होते, भराभर जात होते.

संक्रांत झाली, आणि एका दुपारी मी कॉलेजातून एकटीच घरी आले. त्या दिवशी बाबांना सर्दी होती म्हणून ते आले नव्हते. पोर्चमध्ये गाडी लावते न लावते तोच ते पाकीट हलवत बाहेर आले. "कागद आले वं! मीच सही करून घेतलं पोस्टमनकडून." इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या सत्कारातही पाहिला नव्हता. "उद्या रविवार हाय. उद्या मी चालवतो."

आणि मी हो म्हणाले. आजही त्या 'हो'ची मला लाज वाटते. माझ्या मनाची मी अशी समजूत घातली की एकदाच, पहाटेचा मोकळा रस्ता, मी शेजारी, चौतीस वर्षांचा हात. माणूस स्वतःला फसवायचं ठरवतो तेव्हा त्याच्याकडे कारणांची कमी नसते.

सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा खाकी शर्ट घालून तयार होते. कामठीपर्यंत मी चालवलं. कन्हानचा पूल ओलांडला, गावाची गर्दी मागे पडली आणि एक लहान रस्ता शेतांकडे वळत होता तिथे मी गाडी थांबवली. आम्ही जागा बदलल्या. बाबांनी सीट पुढे घेतली, आरसा वाकवला, स्टिअरिंगचा हात कपाळाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी दारावर दोनदा ठोकलं.

काय चालवत होते ते! मी तीन महिने ती गाडी नुसती ढकलत होते, हे मला पहिल्या वळणावरच कळलं. गिअर बदललेला कळू नये, ब्रेक लागलेला कळू नये. दोन्ही बाजूंना तूर काढणीला आली होती, मधूनच गव्हाचा हिरवा पट्टा. ऊन नुकतं कोवळं पडलं होतं. बाबा काहीतरी गुणगुणत होते. त्यांच्या पाठीचा बाक गेला होता. मला वाटलं, डॉक्टर चुकले असतील, यंत्र चुकलं असेल, यंत्राचं काय सांगता येतं?

डाव्या बाजूच्या शेतातून धुऱ्याच्या बांधावरून एक बाई रस्त्यावर आली. डोक्यावर तुरीच्या काड्यांचा मोठा भारा. मला ती लांबूनच दिसली होती. बाबांनाही दिसली असणार म्हणून मी गप्प होते. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. ते तसेच गुणगुणत होते. मी किंचाळले, "बाबा!" त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा आमचं पुढचं टोक आणि त्या बाईचा गुडघा यांत हातभर अंतर होतं. भारा खाली पडून काड्या बॉनेटवर पसरल्या होत्या.

ती बाई घाबरली होती, म्हणून चिडली होती. कमरेवर हात ठेवून तिने बाबांना विचारलं, "कावो बाबाजी, दिसून नाही राह्यलं काय तुमाले?"

तीन महिने माझ्या तोंडातून न निघालेलं वाक्य एका अनोळखी बाईने रस्त्यात उभं राहून एका दमात विचारलं. बाबा खाली उतरले. आधी त्यांनी तिला लागलं का ते विचारलं, मग बॉनेटवरची एकेक काडी गोळा केली. भारा नीट बांधला, तिच्या डोक्यावर चढवून दिला, आणि म्हणाले, "नाही दिसलं, माय. चूक माझी हाय." ती गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते हात जोडून उभे होते. मग ते गाडीच्या मागून वळसा घालून डावीकडे आले आणि मी उठायची वाट पाहत उभे राहिले.

परतताना कन्हानच्या पुलावर मी सगळं सांगून टाकलं. यंत्र, काळा कागद, डॉक्टर, पांढरी गाडी, कागदाचा नियम. वारा होता म्हणून ओरडून सांगावं लागलं. ते ऐकत होते. मला वाटलं डोळ्यांबद्दल काही विचारतील. ते म्हणाले, "डोयाचं राहू दे. वय हाय, जाते. तू मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलं असतं ना. वाटू द्याचं होतं." कामठीच्या अलीकडे पुन्हा म्हणाले, "मले माहीत असतं तं मी त्या बाईच्या अंगावर गाडी नेली असती काय वं? चौतीस वर्षं मी कोणाले धक्का नाही लावला. आज लावला असता. तुया माया लावण्यापायी."

मला त्यांच्यावर माया होती म्हणून मी गप्प बसले, असं मी तीन महिने समजत होते. खरं म्हणजे मला भीती होती. त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहायची भीती. तेवढ्यासाठी मी त्यांना, आणि त्या भारा घेतलेल्या बाईला, पणाला लावलं होतं. गाडी चालवताना मी रडत होते आणि या वेळी वाऱ्यावर ढकलायचं सुचलंही नाही. बाबा म्हणाले, "पुढं पाह्य."

त्या हिवाळ्याचे उरलेले दिवस आम्ही रोजच्यासारखेच फिरलो, आजही फिरतो. परवा छत उघडलं तेव्हा घडीत एक पाल निघाली आणि बाबा म्हणाले, "तिकीट घेतलं का तिनं, विचार." आता त्यांना समोरचंही थोडं धूसर दिसतं. झाडं कोणती ते वासावरून सांगतात, आणि रस्त्यात काय चाललंय ते मी सांगते. डावीकडे संत्र्याची गाडी, उजवीकडे शाळेची पोरं, पुढे म्हशी. काही लपवायचं नाही, असं ठरलं आहे. म्हणून मधला उजेडही कमी होत चाललाय असं काल डॉक्टरांनी जे सांगितलं तेही मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं, 'बरं' म्हणाले, आणि तर्री पोहे खायला थांबायला लावलं.

पण ज्यामुळे मी सांगायला शिकले ते त्याच रविवारी घडलं, घरी पोचल्यावर. मी पोर्चमध्ये गाडी बंद केली आणि किल्ली काढून त्यांच्याकडे न पाहता घरात निघाले. त्यांनी थांबवलं. कोरा कागद आणि पेन आण म्हणाले. मी माझ्या पिशवीतली उत्तरपत्रिकेची एक पुरवणी दिली. ड्युटी संपली की ड्रायव्हर गाडी अशीच सोडून जात नसतो, ते म्हणाले. गाडीतले दोष लिहून द्यावे लागतात, आणि पुढच्या ड्रायव्हरने ते वाचून सही केली की मगच किल्ली त्याची. बॉनेटवर कागद ठेवून, नाक टेकेल इतकं वाकून, ते लिहू लागले. अक्षर वळणदार, जुनं. ओळी मात्र कडेला जाता जाता कागदाबाहेर पडत होत्या. बराच वेळ लागला. मग खाली सही करून त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मी सही करायला पेन घेतलं.

"वाचल्याबिगर सही नाही," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "गाडीत दोष नाही. ब्रेक उत्तम."

"पुढं."

फाटकाबाहेर मामलेदार उभे होते, पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. कानटोपी काढून हातात धरली होती त्यांनी, आणि माझ्या तोंडाकडे नीट सरळ पाहत होते.

"चालकाला बाजूचे दिसत नाही," मी मोठ्याने वाचलं. "चालकाला यापुढे गाडी देऊ नये."

"हाव," बाबा म्हणाले. "आता कर सही."